भिंत कुणाची, चित्र कुणाचे?

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या सभेत केलेले भाषण)





 वर्धापन दिनाला अहवाल वाचन होते, देणगीदारांचे आभार होतात, भन्तेजींची धम्मदेसना होते. ते सर्व झाले. कार्यकारिणीने आम्हाला विषय दिला आहे, भिंतीवरची चित्रे. विषय पुकारला तेव्हा मागे काही जण हसले. आम्ही गिरणी कामगार, शाळा अर्धवट सुटली, पुढचं शिक्षण वाचनालयात आणि चळवळीत झालं. आम्हाला चित्रकलेतलं काय कळणार, असं कुणाला वाटलं असेल तर त्यात त्यांची चूक नाही. पण हा प्रश्न नुसता कलेचा नाही. तो आपल्या दारात येऊन उभा आहे.

गेल्या महिन्यात एका संस्थेची मंडळी वस्तीत येऊन गेली हे आपल्याला ठाऊक आहे. रस्त्याकडची घरं, सार्वजनिक संडासाची भिंत आणि विहाराची मागची भिंत हे सगळं फुकट रंगवून देतो म्हणाली. रंग त्यांचा, कलाकार त्यांचे. नमुना म्हणून त्यांनी पक्षी दाखवले, फुलं दाखवली, मोठ्या डोळ्यांची एक मुलगी दाखवली. आपल्या पोरांना ते आवडलं. काही वडीलधारे म्हणाले, ही थेरं कशाला, आधी गटार दुरुस्त करा. दोन्हीकडून आवाज चढले. आता येत्या रविवारी होय की नाही ते कळवायचं आहे. तथागतांनी कालामांना सांगितलं होतं की कुणी सांगितलं म्हणून मानू नका, स्वतः तपासून बघा. म्हणून आपणही तपासून बघू. आपल्यासारख्या वस्त्यांत दुसरीकडे अशी चित्रं काढली गेली तेव्हा कुणाचं भलं झालं, कुणाची जागा गेली, हे आधी समजून घेऊ.

भिंतीवर चित्र काढणं आपल्याला नवीन नाही. अजिंठ्याची चित्रं आहेत ती विहारांच्या आणि चैत्यांच्या भिंतींवरच. आपण दरवर्षी सहल घेऊन कार्ल्याला जातो. तिथल्या खांबांवर, दारावर ब्राह्मी अक्षरं कोरलेली आहेत. ती नावं राजांचीच आहेत असं समजू नका. धेनुकाकट गावचा एक सुतार आहे, सुगंधी द्रव्यं विकणारा एक गंधी आहे. त्यांनी दान दिलं, काम केलं आणि त्यांची नावं दोन हजार वर्षं दगडावर राहिली. म्हणजे ते लेणं कुणाचं होतं हे भिंतीवरच लिहिलेलं आहे.

आता थोडं लांब, अमेरिकेला जाऊ. लांबचं वाटेल, पण नातं जुनं आहे. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकले. १९४६ साली त्यांनी तिथले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉईस यांना पत्र लिहिलं आणि डु बॉईस यांनी उत्तरही पाठवलं. तिथे १९६६ साली ब्लॅक पँथर पक्ष निघाला, त्याच्यावरून नाव घेऊन १९७२ साली मुंबईत आपली दलित पँथर निघाली. तेव्हा त्यांच्या वस्तीतल्या भिंतीची गोष्ट ही आपल्या भावकीतलीच गोष्ट समजा.

शिकागो शहराच्या दक्षिण भागात कृष्णवर्णीयांची मोठी वस्ती होती. तिथे १९६७ साली त्रेचाळिसावा रस्ता आणि लँग्ली अ‍ॅव्हेन्यूच्या कोपऱ्यावर एका पडक्या दुमजली इमारतीच्या भिंतीवर कृष्णवर्णीय कलाकारांनी मिळून चित्रं काढली. विल्यम वॉकर हा त्यांच्यातला अनुभवी चित्रकार. भिंतीला नाव दिलं वॉल ऑफ रिस्पेक्ट, म्हणजे सन्मानाची भिंत. त्यावर माल्कम एक्स होते, मुष्टियोद्धा महंमद अली होता, गायिका होत्या, लेखक होते. बाबासाहेबांनी ज्यांना पत्र लिहिलं ते डु बॉईसही होते. सरकारने सांगितलं म्हणून हे काम झालं नव्हतं. कलाकार आजूबाजूच्या रहिवाशांशी, दुकानदारांशी बोलले, त्यांची संमती घेतली. सही कुणी करायची नाही असं ठरवलं, कारण भिंत सगळ्यांची. काम चालू असताना लोक रस्त्यात उभे राहून बघत, मत देत. पुढे तिथेच सभा झाल्या, कविता वाचल्या गेल्या, गाणी झाली. ज्या समाजाचा चेहरा वर्तमानपत्रात फक्त गुन्ह्याच्या बातमीत छापला जायचा, त्याने आपले मोठे लोक भर रस्त्यात, आपल्या हाताने उभे केले.

वादही झाले, ते लपवायचं कारण नाही. मार्टिन ल्यूथर किंग यांना त्या भिंतीवर घेतलं नव्हतं, त्यावरून मतभेद होते. एका चित्रकाराने काढलेला भाग त्याला न विचारता पांढरा करून दुसऱ्याकडून नव्याने रंगवून घेतला, त्यावरून मनं दुखावली. आपल्याकडे जयंतीच्या बॅनरवर कुणाचा फोटो किती मोठा यावरून काय होतं ते आपण बघतोच. तेव्हा वाद होणार हे धरूनच चाला. पण तो वाद वस्तीतल्या माणसांचा होता, भिंत आपली मानणाऱ्यांचा होता. बाहेरून आलेल्या फुलापाखरांच्या चित्रावरून कुणी भांडत नाही, कारण ते कुणाचंच नसतं.

आणि शेवट काय झाला? १९७१ साली त्या इमारतीला आग लागली आणि त्यानंतर ती पाडण्यात आली. भिंत गेली, कारण इमारत त्यांची नव्हती. विचार मात्र गेला नाही. डेट्रॉईट व इतर शहरांतल्या कृष्णवर्णीय वस्त्यांत तशा भिंती उभ्या राहिल्या. यातून दोन गोष्टी आपण घेऊ. चित्र लोकांचं असलं तर त्यातून माणसं उभी राहतात. आणि जागा लोकांची नसली तर चित्र वाचत नाही.

दुसरी गोष्ट कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगो शहराची. तिथे बॅरिओ लोगन नावाची मेक्सिकन वंशाच्या कष्टकऱ्यांची वस्ती आहे. १९६३ च्या सुमारास त्या वस्तीच्या मधून महामार्ग काढला. १९६९ साली कोरोनाडो बेटाकडे जाणारा मोठा पूल झाला आणि त्याचे खांब वस्तीच्या उरावर आले. घरं गेली, शेजार तुटला. पुलाखाली बाग देऊ असं आश्वासन होतं. २२ एप्रिल १९७० ला लोकांनी बघितलं तर बुलडोझर आलेला. चौकशी केली तेव्हा कळलं, बाग नाही, इथे महामार्ग पोलिसांचं ठाणं होणार. विद्यार्थी, बाया, पोरं, म्हातारे सगळे धावले. बुलडोझरपुढे साखळी केली आणि बारा दिवस जागा सोडली नाही. त्याच मातीत त्यांनी झाडं लावली. अखेर सरकारला जागा द्यावी लागली आणि चिकानो पार्क झालं.

आता लक्ष द्या. चित्रं तिथे १९७३ साली सुरू झाली. आधी जमीन घेतली, चित्र नंतर काढलं. ज्या खांबांनी घरं मोडली त्याच खांबांवर आपला इतिहास, आपले पुढारी, आपल्या आया-बहिणी रंगवल्या. दरवर्षी एप्रिलमध्ये तिथे मोठा मेळावा भरतो. आपली जयंती १४ ला आणि त्यांचा दिवस आठवड्याच्या फरकाने. २०१६ साली अमेरिकेच्या सरकारने त्या बागेला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा दिला. पोलीस ठाणं बांधायला निघालेली जागा आता राष्ट्राचा ठेवा झाली.

तिसरी गोष्ट लॉस एंजेलिसची, थोडक्यात सांगतो. ज्युडिथ बाका या चित्रकार बाईंनी १९७६ साली पुराच्या पाण्याच्या काँक्रीट कालव्याच्या भिंतीवर काम सुरू केलं आणि ते १९८३ पर्यंत उन्हाळ्या-उन्हाळ्यात चाललं. भिंत सुमारे अर्धा मैल लांब. चारशेहून जास्त पोरापोरींनी तिच्यावर काम केलं, त्यात पोलिसांच्या तडाख्यात सापडलेली पोरंही होती. शाळेच्या पुस्तकात नसलेला इतिहास त्यांनी काढला. तिथले मूळ आदिवासी, मेक्सिकन, कृष्णवर्णीय, महायुद्धात छावण्यांत कोंडलेले जपानी वंशाचे नागरिक. वेगवेगळ्या जमातींची पोरं एकाच पाळीवर एकत्र राबली. आपल्या नाक्यावर संध्याकाळी मोबाईल घेऊन बसणारी पोरं आम्हाला इथे आठवतात. त्यांच्या हातात ब्रश दिला तर काय होईल याचा विचार त्यांच्या आई-वडिलांनी करावा.

या झाल्या चांगल्या बाजू. आता दुसरी बाजू ऐका. मायामी शहरात विनवूड नावाचा भाग आहे, पोर्तो रिकोच्या लोकांची जुनी वस्ती आणि गोदामं. तिथे २००९ साली एका विकासकाने गोदामांच्या भिंती नामवंत चित्रकारांकडून रंगवून घेतल्या. जगभरातून लोक बघायला येऊ लागले. मागोमाग हॉटेलं आली, महागडी दुकानं आली, भाडी चढली आणि जुन्या भाडेकरूंना तिथे राहणं परवडेना. चित्रांनी भिंतीचा भाव वाढवला आणि वाढलेला भाव भिंतीच्या मालकाच्या खिशात गेला. शिकागोतल्या पिल्सन या मेक्सिकन वस्तीत तर लोकांच्या जुन्या केंद्राची इमारत विकली गेली आणि १९७० च्या दशकापासूनची चित्रं २०१७ साली नव्या मालकाने रंग फासून झाकली. लोक खवळले, तेव्हा त्याच जुन्या चित्रकाराला बोलावून नवं चित्र काढून घेतलं. पण तोवर इमारतीत मोठ्या भाड्याची घरं झाली होती. चित्र परत आलं, केंद्र परत आलं नाही.

मित्रहो, गिरणगावातल्या माणसाला हे समजावून सांगायला लागत नाही. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. त्यानंतर गिरण्यांच्या जमिनींवर काय काय उभं राहिलं ते आपण रोज बसमधून बघतो. मॉल झाले, टॉवर झाले, काही ठिकाणी जुनी चिमणी शोभेला ठेवली आहे. लोक तिच्याखाली उभं राहून फोटो काढतात. चिमणी राहिली, तिच्या भोंग्यावर उठणारा कामगार पार कर्जत-कसाऱ्याच्या बाजूला फेकला गेला. आपल्या वस्तीचं असं होऊ द्यायचं नाही, एवढ्यासाठी आम्ही हा विषय घेतला.

आपल्या देशातही भिंती रंगवण्याचं काम जोरात चालू आहे. घाटकोपरच्या असल्फा टेकडीवरची घरं २०१७-१८ च्या सुमारास स्वयंसेवकांनी रंगवली, मेट्रोतून जाताना ती दिसतात. चेन्नईत कन्नगी नगर ही पुनर्वसन वसाहत आहे. शहरातल्या नदीकाठच्या वगैरे झोपड्या उठवून लोकांना लांब तिकडे नेऊन टाकलं. तिथल्या इमारतींवर २०२० साली मोठमोठी चित्रं काढली. ज्या वसाहतीचं नाव घेतलं की बाहेरचे नाक मुरडायचे, तिथे लोक चित्रं बघायला येऊ लागले. पत्ता सांगताना पोरांची मान वर राहत असेल तर ती कमाई आहे, आम्ही तिला नाव ठेवणार नाही. पण रोजगार दूर गेला, शाळा दूर गेली, ते चित्राने जवळ येत नाही. आणि २०२२ च्या डिसेंबरात जी-२० च्या बैठका मुंबईत झाल्या तेव्हा रस्त्याकडेच्या काही झोपडपट्ट्यांपुढे पडदे लावले गेले, हे आपण वर्तमानपत्रात वाचलं आहे. पाहुण्यांना गरिबी दिसू नये म्हणून पडदा. आमचा सवाल एवढाच आहे की, आपल्या भिंतीवरचं चित्र आपल्याला दाखवण्यासाठी निघणार आहे की झाकण्यासाठी?

आपल्या समाजाला चित्र किंवा पुतळा म्हणजे काय हे कुणी शिकवायला नको. त्याच घाटकोपरमध्ये माता रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ रोजी बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले आणि गोळीबारात दहा जीव गेले. म्हणून आम्ही म्हणतो, बाबासाहेबांचं आणि तथागतांचं चित्र भिंतीवर काढायचं असेल तर जागा बघून काढा. संडासाच्या भिंतीवर नको. जिथे पानाची पिचकारी पडते, गाड्या घासतात तिथे नको. आणि जे काढाल त्याची रोजची देखभाल कोण करणार ते आधी ठरवा. रंग उडालेला, पोपडे आलेला चेहरा हा सुद्धा अनादरच आहे.

आता आपण काय करायचं? आमचं म्हणणं असं की आलेल्या मंडळींना हाकलू नये आणि लगेच होही म्हणू नये. आपल्या अटी सांगाव्यात आणि त्या विहाराच्या इतिवृत्ताच्या वहीत ठराव करून लिहाव्यात.

पहिली अट, चित्र काय असावं हे वस्तीची सभा ठरवील. सभा रात्री नऊनंतर ठेवू नका. त्या वेळी बाया स्वयंपाकात, धुण्याभांड्यात अडकतात आणि निर्णय पुरुषच करून मोकळे होतात. सभा रविवारी दुपारी घ्या. आपल्या गल्लीत मुस्लिम आहेत, मातंग, चर्मकार आहेत, उत्तरेकडून आलेली कुटुंबं आहेत. त्यांनाही बोलवा. शहरात आपण अल्पसंख्य, पण या गल्लीत आपण जास्त आहोत. जास्त असणाऱ्याने कसं वागावं हे बाबासाहेबांनी देशाला सांगितलं, ते आपण गल्लीत पाळू.

दुसरी अट, पक्षी-फुलं असू द्या, पण निम्म्या भिंतीवर आपली गोष्ट हवी. २० मार्च १९२७ चं महाडचं चवदार तळं हवं. १४ ऑक्टोबर १९५६ ची नागपूरची दीक्षाभूमी हवी. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली मातंग समाजाची मुक्ता साळवे हवी. तिने १८५५ साली महार-मांगांच्या दुःखावर निबंध लिहिला, तेव्हा ती लहान मुलगी होती. त्याबरोबर आपल्या वस्तीचंही चित्र हवं. रात्रपाळीहून येणारे कामगार, मेस चालवणाऱ्या आणि डबे देणाऱ्या आपल्या आया, पहिला नळ आला तेव्हा लागलेली हंड्यांची रांग. ही गोष्ट जुन्या माणसांनी सांगायची आणि पोरांनी कागदावर उतरवून घ्यायची. भिंतीआधी ती वही तयार झाली तरी अर्धं काम झालं.

तिसरी अट, आपली दहा तरी पोरं-पोरी त्या कलाकारांच्या हाताखाली शिकली पाहिजेत आणि त्यांना मजुरी मिळाली पाहिजे. आपल्यातले जे पेंटर जयंतीला कमानी रंगवतात, पाट्या लिहितात, त्यांना पहिला मान. कला आहे म्हणून फुकट राबवून घ्यायची पद्धत आपल्याला पुष्कळ माहीत आहे.

चौथी अट कागदाची. ज्याच्या घराची भिंत त्याची लेखी संमती. चित्र बदलायचं किंवा पुसायचं असेल तर सभेला विचारूनच. वस्तीचे आणि माणसांचे फोटो जाहिरातीत वापरायचे नाहीत. उद्या इथे पुनर्विकास आला तर भिंत पडेल, हे उघड आहे. म्हणून प्रत्येक चित्राचा फोटो आणि त्यामागची माहिती विहाराच्या दप्तरी राहील.

पाचवी अट सगळ्यात मोठी, आणि ती त्या मंडळींना नाही, आपल्याला आहे. रंगाचा वास आला म्हणून कागद विसरायचे नाहीत. परिशिष्ट दोनमध्ये नाव आहे का, वीजबिल आणि जुना पुरावा जपून ठेवला आहे का, आईच्या नावावरची खोली तिच्या पश्चात कुणाच्या नावावर आहे, हे ज्याने त्याने या महिन्यात बघावं. विहारात दर शनिवारी संध्याकाळी आम्ही दोघे-तिघे कागद तपासायला बसणार आहोत. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी संकोच करू नये. गटाराचा अर्जही त्याच दिवशी सह्या घेऊन वॉर्ड ऑफिसात द्यायचा आहे. ज्या वडीलधाऱ्यांनी गटाराचं नाव काढलं त्यांचं म्हणणं बरोबरच आहे. पोरांचंही बरोबर आहे. सॅन दिएगोच्या लोकांनी आधी जमीन धरली आणि मग रंग लावला. आपण दोन्ही कामं एकाच वेळी करू, एका हातात अर्ज आणि एका हातात ब्रश.

या अटी त्या मंडळींनी मान्य केल्या तर आम्ही स्वतः भिंत घासायला येऊ. नाही केल्या तरी बिघडत नाही. विहाराची मागची भिंत आपलीच आहे, चुना आणि रंग आपल्या वर्गणीतून येईल, उशीर लागेल एवढंच. बाबासाहेबांनी शिका, संघटित व्हा, संघर्ष करा म्हणून सांगितलं. भिंतीच्या निमित्ताने पोरं शिकली आणि गल्ली संघटित झाली तर रंग सार्थकी लागला असं आम्ही समजू.

येत्या रविवारी दुपारी तीन वाजता सभेला या. घरातल्या बाईमाणसाला घेऊन या, आणि शेजारच्या दारावर टकटक करून त्यांनाही घेऊन या.

 जयभीम! नमो बुद्धाय!